पहिली चूक शोधा

फोनवर ॲप घ्यायचं तर एक बटण दाबलं की झालं. पण शास्त्रज्ञांची बरीच सॉफ्टवेअर अशी आयती मिळत नाहीत. माणसांनी लिहिलेला मूळ कोड उतरवून घ्यायचा आणि आपल्या संगणकावर त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करायचं. याला ‘कंपाइल करणं’ म्हणतात. विकतच्या पोळ्या न आणता गहू दळण्यापासून सुरुवात करण्यासारखंच आहे हे!

मी अमेरिकेत एका विद्यापीठात संशोधकांचे संगणक सांभाळतो. एकदा पावसाचा अभ्यास करणारी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिला ‘डब्ल्यूआरएफ’ नावाचं हवामानाचं मॉडेल हवं होतं. ते मुख्यतः फोरट्रान या १९५७ सालापासून चालत आलेल्या भाषेत लिहिलेलं आहे. चार दिवसांनी तिला प्राध्यापकांपुढे काम मांडायचं होतं आणि मॉडेल काही तयार होत नव्हतं. स्क्रीनवर शेवटी एवढंच दिसायचं, की मुख्य फाइल बनली नाही. दोन दिवस ती त्या फाइलच्याच मागे होती. मॉडेल पुन्हा उतरवून झालं, संगणक बंद-चालू करून झाला.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! म्हणजे आग लागली एकीकडे आणि विझवायला धावलो भलतीकडेच.

गंमत अशी, की हे मॉडेल कंपाइल होताना मध्ये चूक आली तरी काम थांबत नाही. एका चुकीतून दुसरी निघते, दुसरीतून तिसरी. शेवटची ओळ फक्त परिणाम सांगते. कारण कितीतरी वर असतं. म्हणून आम्ही नोंदींची फाइल उघडली आणि अगदी वरून ‘एरर’ हा शब्द शोधत खाली आलो.

पहिली एरर मॉडेलच्या कोडमधली नव्हतीच! हवामानाचे आकडे साठवायला हे मॉडेल ‘नेटसीडीएफ’ नावाचा तयार कोड वापरतं. अशा तयार कोडला लायब्ररी म्हणतात. ही लायब्ररी कंपायलरच्या एका आवृत्तीने बनवलेली होती आणि मॉडेल दुसऱ्या आवृत्तीने बनत होतं. कंपायलर लायब्ररीची माहिती आपल्या पद्धतीने टिपून ठेवतो. ती टिपणं दुसऱ्या आवृत्तीला वाचता येतीलच असं नाही.

आम्ही लायब्ररी त्याच कंपायलरने पुन्हा बनवली. जुन्या अर्धवट फाइली पुसून टाकल्या, कारण त्या नव्या कामात मिसळल्या तर पुन्हा घोळ होतो. मग मॉडेल पहिल्यापासून कंपाइल केलं. तासाभराने मुख्य फाइल तयार! त्याच रात्री तिने पावसाचा पहिला अंदाज काढला.

“ही फाइल दुसऱ्या आवृत्तीने बनवली आहे,” असं त्या एररमध्ये स्वच्छ लिहिलं होतं. तिने ती ओळ पाहिली होती, पण वाचली नव्हती.

मी मराठी शाळेत शिकलो. कॉलेजात इंग्रजी एरर आली की एकेक शब्द लावत वाचायचो. बाकीचे झरझर पुढे जायचे, तेव्हा वाईट वाटायचं. आज त्याच सवयीवर माझं काम चालतं.

तुम्हीही मराठी सावकाश वाचता ना? वाचा! वाक्य लागलं नाही, तर शेवटच्या शब्दाशी झटापट करू नका. थोडं मागे जा आणि पहिल्यांदा कुठे अडलं ते बघा. बहुतेक वेळा गाठ तिथेच सापडते.

आता वर्गात सांगा बरं, तुमच्या घरी कधी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं झालंय का?