अर्धी दाढी

स्मरणिका समितीचे पत्र आले तेव्हा आम्ही दोघे भाऊ अकोल्यास थोरल्याच्या घरी होतो. ‘वसतिगृहाने आपणांस काय दिले ते लिहून पाठवावे’, अशी त्यात विनंती होती. शिक्षण दिले, शिस्त दिली, सकाळच्या वंदनेची गोडी लावली. यावर आमच्याहून चांगले लिहिणारे माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत. आम्हांला मात्र पत्र वाचताच एकच वस्तू आठवली आणि आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. ती वस्तू म्हणजे वस्तरा. तेव्हा आम्ही वस्तऱ्याविषयीच लिहितो. लेखणी धाकट्याच्या हाती आहे आणि थोरला शेजारी बसून चुका काढीत आहे.

आमचे गाव दर्यापूर तालुक्यातले, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले. विहिरीचे पाणी असे की त्यात डाळ शिजत नसे आणि साबणाला फेस येत नसे. गावात नाभिकाचे, आपल्या वऱ्हाडी बोलीत म्हाल्याचे, एक घर होते. तो बलुत्यावर साऱ्या गावाची डोई-दाढी करी. आमच्या वस्तीत त्याचे पाऊल कधी पडले नाही. आज त्याला दोष द्यावासा वाटत नाही. आमच्या माणसाच्या गालाला त्याचा वस्तरा लागला असता तर गावाने त्याचे बलुते बंद करून त्याला उपाशी मारले असते. पण हे शहाणपण आम्हांला फार पुढे आले. वस्तीतली माणसे रविवारी निंबाखाली बसून एकमेकांचे केस कापीत. एकच कातर, एकच बोथट वस्तरा, आणि तोही कोणाचा कोणाला ठाऊक. वस्तीतल्या बहुतेक बाप्यांच्या हनुवटीवर जुने व्रण होते. लहानपणी आम्हांला वाटे, पुरुषाच्या हनुवटीला व्रण असावयाचाच.

बाबांची गोष्ट थोरल्याला अंधुक आठवते. धाकटा त्या वेळी पाळण्यात होता. १९६४ च्या आसपासची ही हकिकत. घरात लग्न होते म्हणून बाबा बाजाराच्या दिवशी लांबच्या एका गावी गेले आणि ओळख नसलेल्या न्हाव्यापुढे बसले. त्याने साबण लावला. डावा गाल झाला. तेवढ्यात आमच्या गावचा एक गृहस्थ तेथून जात होता, तो थबकला आणि म्हणाला, “याले काहून बसवलं रे?” न्हाव्याने एक शब्द न बोलता बाबांच्या खांद्यावरचा पंचा ओढून घेतला. बाबा उठले. डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर साबण तसाच. उपरण्याने तोंड झाकून ते चार कोस चालत आले. मायने दिवा वर धरला तेव्हा साबण वाळून पांढरा पडला होता, एवढे थोरल्याला आठवते.

त्यानंतर बाबांनी दाढी वाढविली. गावात कोणी विचारले तर ‘नवस हाय’ म्हणत. १९५६ नंतर आमच्या घरात नवस कसला उरणार! पण लोक ऐकून घेत.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी सार्वजनिक ठिकाणी भेदभाव करण्यास मनाई करणाऱ्या कलमावर चर्चा झाली. त्या कलमात ‘दुकान’ हा शब्द होता. त्याची व्याप्ती किती, असे विचारले गेले तेव्हा बाबासाहेबांनी खुलासा केला की हा शब्द संकुचित अर्थाने घेतलेला नाही. मोबदला घेऊन आपली सेवा देऊ करणारा प्रत्येक जण त्यात येतो. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने तर अशी सेवा नाकारणे हाच गुन्हा ठरला. म्हणजे बाबांचा उजवा गाल तसाच राहिला, त्याच्या नऊ वर्षे आधीपासून कायदा बाबांच्या बाजूने होता. त्यांना ते ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी साबण लागलेल्या तोंडाने ते कोणत्या कचेरीत जाणार होते?

१९७२ च्या दुष्काळात मायबाप खडी फोडण्याच्या कामावर गेले आणि आम्हा दोघांना अमरावतीस आपल्या वसतिगृहात आणून सोडले. थोरला आठवीत, धाकटा पाचवीत. पहिल्याच आठवड्यात आमची डोकी भादरली गेली, कारण आमच्या डोक्यांत उवा होत्या. भादरणारे होते वसतिगृहाचे पहारेकरी, हवालदार बाबा. सर्व मुले त्यांना हवालदार म्हणत; प्रत्यक्षात ते महार रेजिमेंटमधून नाईक होऊन निवृत्त झाले होते. ही रेजिमेंट १९४१ साली बेळगावात उभी राहिली, तेव्हाच्या पहिल्या भरतीत आपण होतो, हे ते दर रविवारी नव्याने सांगत. पलटणीत रोज दाढी करावी लागे आणि तेथे त्यांचा हात बसला. त्यांच्याजवळ एक जर्मन वस्तरा होता, झोलिंगेन गावचा. अनुदान वेळेवर येत नसे, शहरातल्या सलूनचे पैसे संस्थेला परवडत नसत, म्हणून दीडशे मुलांची डोकी महिन्यातून एकदा हवालदार बाबांच्या हाताखालून जात. त्यांचे डोळे अधू होत चालले होते. त्यांना हाताखाली कोणी तरी हवे होते. त्यांनी थोरल्याला निवडले. त्याच्या शेपटाला धरून धाकटाही शिकू लागला.

पहिले दोन महिने वस्तरा कोणाच्या केसाला लावू दिला नाही. आधी चामड्याचा पट्टा. खिडकीच्या गजाला पट्ट्याचे एक टोक बांधावयाचे, दुसरे डाव्या हाताने ताणून धरावयाचे आणि वस्तरा त्यावर सपाट ठेवून पाठीच्या दिशेने ओढावयाचा. पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोहोचल्यावर वस्तरा पाठीवरून उलटावयाचा, धारेवरून कधीही नाही. हे वाक्य लिहावयास सोपे आहे. थोरल्याने तिसऱ्याच दिवशी धारेवरून उलटविला आणि पट्ट्याला बोटभर चीर पाडली. हवालदार बाबा ओरडले नाहीत. त्यांनी ती चीर त्याच्या बोटाने चाचपावयास लावली आणि म्हणाले, “हे कोनाची मान असती तं?” दगडावरची गोष्ट याच्या नेमकी उलट: तेथे धार पुढे चालते, जणू दगडाचा पातळ पापुद्रा काढावयाचा आहे. वस्तऱ्याचे पोट खोलगट केलेले असते, त्यामुळे पाठ आणि धार दोन्ही दगडाला एकदम टेकतात आणि कोन आपोआप साधतो. आपण फक्त दाबावयाचे नाही. आम्ही दाबत होतो. शिकाऊ माणूस नेहमी दाबतो. धार लागत नाही असे दिसले की आणखी दाबतो आणि असलेली धार मोडतो.

मग लवकी. स्वयंपाकघरामागच्या वेलावर कोवळी लवकी धरली की तिच्यावर बारीक लव असते. तीवर साबणाचा फेस लावून लव काढावयाची, सालीला ओरखडा येता कामा नये. ओरखडे पडलेली लवकी त्या दिवशी भाजीत जाई आणि पंगतीत मुले विचारीत, “आज कोनाची हजामत झाली रे?” चार-पाच लवक्यांनंतर थोरल्याच्या हाताला कळले की वस्तरा चालविण्याची गोष्ट मनगटाची नाही, बोटांच्या पेरांची आहे. पाठ गालापासून किंचित उचललेली, साधारण तीस अंशांवर. फार सपाट धरला तर केस ओढतो, फार उभा धरला तर कातडे खरवडतो. दुसरा हात रिकामा नसतो. तो कातडे ताणून धरतो, आणि खरे पाहता निम्मे काम तोच करतो. केस कोणत्या दिशेने उगवला आहे ते आधी बोटाने पाहून घ्यावयाचे. मानेवर डावीकडे एक दिशा तर उजवीकडे दुसरी. डोक्यावर भोवऱ्यापाशी तर सगळ्या दिशा एकत्र येतात. तेथे घाई करणाऱ्याची फजिती ठरलेली.

धाकट्याने एका वर्गबंधूच्या कानाची पाळी कापली, हेही येथे कबूल केले पाहिजे. तुरटी लावली, रक्त थांबले. तो वर्गबंधू आता मोठ्या हुद्द्यावर आहे आणि ही स्मरणिका त्याच्याही हाती जाईल. त्याने पाळी चाचपून पाहावी.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत थोरल्याने हवालदार बाबांकडून वस्तरा मागून घेतला आणि गावी नेला. बाबांची दाढी करावयाची असा त्याचा बेत. बाबांनी वस्तऱ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “माह्या तोंडाले आता वस्तरा लागू द्याचा नाई.” त्यानंतर सुटीभर तो विषय निघाला नाही. वस्तरा रुमालात गुंडाळलेला परत आला.

पुढच्या वैशाखात आपल्या आवारात श्रामणेर शिबिर झाले. पस्तीस-चाळीस मुले चीवर घेणार होती. आदल्या सायंकाळी भंतेजींनी उपालीची गोष्ट सांगितली. उपाली हा शाक्यांचा न्हावी. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भृगु, किंबिल आणि देवदत्त हे सहा तरुण प्रव्रज्येसाठी तथागतांकडे निघाले, त्यांच्यासोबत तो सातवा. त्या तरुणांनीच विनंती केली की उपालीला आमच्या आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुळाचा अभिमान उतरेल. तथागतांनी तसेच केले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगण्याचा मान त्याच उपालीला मिळाला. भिक्षूजवळ असाव्यात अशा आठ वस्तूंमध्ये भिक्षापात्राशेजारी वस्तराही आहे, हेही आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकले. शिबिराच्या पहाटे मुंडन सुरू झाले. प्रत्येक मुलाला केस, रोम, नखे, दात, त्वचा या पाचांचे स्मरण करावयास सांगितले होते. मुले स्मरण करीत होती ती बहुधा त्वचेचेच.

बाबा आणि माय शिबिरासाठी आले होते. बाबा विहिरीजवळच्या पायरीवर बसून पाहत होते. मुलांची डोकी झाली. मग भंतेजी स्वतः पाटावर येऊन बसले आणि त्यांनी थोरल्यापुढे मान वाकविली. डोळे मिटले. दहावीला गेलेला मुलगा भिक्षूच्या मस्तकावर वस्तरा चालवीत होता आणि सारे आवार गप्प होते. कोठे ओरखडा नाही, थेंब नाही. भंतेजींनी उठून डोक्यावरून हात फिरविला, “साधु” म्हणाले आणि स्नानाला गेले.

पाट रिकामा झाला. बाबा उठले आणि त्यावर येऊन बसले. काही बोलले नाहीत.

दहा वर्षांची दाढी. आधी कातरीने उतरविली. मग धाकट्याने चुलीवरचे ऊन पाणी आणले, पंचा भिजवून, पिळून तोंडावर ठेवला. केस भिजून मऊ व्हावयास काही मिनिटे द्यावी लागतात, कोरड्या केसावर धार टिकत नाही. आवारातल्या विहिरीचे पाणी गोडे होते. साबणाला असा फेस आला की गावी आम्ही तसा कधी पाहिला नव्हता. थोरल्याने डावा गाल घेतला. कानापासून खाली, कातडे वर ताणून, लहान लहान फटकाऱ्यांनी. डावा गाल संपला आणि त्याने वस्तरा पुसावयास हात मागे घेतला. तेवढ्यात बाबांचा हात वर आला. त्यांनी डावा गाल चाचपला. हात तेथेच राहिला. थोरला वस्तरा धरून उभा. पुढे काय करावे ते त्याला सुचेना. बाबांचा श्वास आम्हांला ऐकू येत होता.

मागून हवालदार बाबांचा आवाज आला, “थांबू नोको. उजवा गाल घे.”

त्याने उजवा गाल घेतला. मग हनुवटी, मग ओठावरची जागा, आणि शेवटी गळा. कंठमण्यावर वस्तरा नेताना माणसाला आवंढा गिळून थांबावयास सांगावे लागते. थोरला सांगावयास विसरला. बाबांनी आपणच आवंढा गिळला आणि मान वर केली. दाढी उतरल्यावर त्यांच्या हनुवटीवरचा व्रण दिसला. धाकट्याने तो प्रथमच पाहिला. मायने तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, “तोंड केवढुसं झालं वो तुमचं.”

पुढचे थोडक्यात. थोरला एस.टी.त लागला आणि अकोल्यास स्थायिक झाला. धाकटा अमरावती जिल्ह्यात शिक्षक झाला. हवालदार बाबांनी जाताना तो जर्मन वस्तरा थोरल्याला दिला. एड्सची माहिती पसरू लागल्यावर गावोगावी अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले, आणि ते योग्यच झाले. एका पात्याने दहा तोंडे करण्याचे दिवस संपले. आम्हीही तसला वस्तरा घेऊन पाहिला. स्वच्छ आहे, सोयीचा आहे. पण ब्लेडला धार आयती येते, आणि ज्या हाताने धार लावली नाही त्याला ती कोठे संपते ते नीट कळत नाही, असे आमचे जुनाट मत आहे. ते कोणी मानावे असा आग्रह नाही.

गावी आता सलून आहे. मोठा आरसा, फिरती खुर्ची. त्या म्हाल्याचा नातूच ते चालवितो आणि वस्तीतली पोरे रांगेत बसून मोबाईल पाहतात. बाबा एकदा तेथे गेले होते. दाढी करून आले आणि म्हणाले, हात बरा आहे त्याचा, पण घाई करतो. अखेरच्या आजारात ते अकोल्याच्या दवाखान्यात होते तेव्हा दर दोन दिवसांनी थोरला त्यांची दाढी करी. शेवटची दाढी आम्ही दोघांनी मिळून केली. एकाने कातडे ताणले, दुसऱ्याने वस्तरा धरला. त्या वेळी आवंढा गिळावयास सांगावयाचे नव्हते.

आता थोरल्याच्या उजव्या हाताला कंप सुटला आहे. झोलिंगेनचे पाते वर्षानुवर्षांच्या दगडाने झिजून अरुंद झाले आहे, तरी धार धरते. म्हणून महिन्यातून दोन रविवारी धाकटा अमरावतीहून अकोल्यास येतो, पट्टा खिडकीच्या गजाला बांधतो आणि थोरल्याची दाढी करतो. थोरला डोळे मिटून बसतो, पण गप्प बसत नाही. आताही हे लिहून वाचून दाखविले तेव्हा तो म्हणाला, सगळे बरोबर आहे, पण काल हनुवटीखाली डावीकडे दोन केस राहिले, तेही लिही.