हिशेबाची वही

व्यवसाय-मार्गदर्शनावर लिहावे, असे संपादक मंडळाने आम्हांस सांगितले. तो अधिकार आमचा कितपत, हे आधी सांगतो.

बारा वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहाचा एक माजी विद्यार्थी, आय.टी.आय. झालेला, आमच्याकडे आला. विहिरीवरील जळालेल्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान त्याला टाकायचे होते. "सर, तुम्ही हो म्हणालात तर वडील ऐकतील." आम्ही हो म्हणालो नाही. आधी स्पर्धा परीक्षा दे, असे सांगितले. त्यात त्याची चार वर्षे गेली.

इतिहासाच्या शिक्षकाकडून हे घडावे, याची खंत अधिक. बडोद्याची नोकरी सुटल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. जात कळताच ग्राहक फिरकेनासे झाले आणि ती बंद पडली. १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. त्यांच्या पदव्या आम्ही वर्गात नेमाने सांगितल्या. ही पेढी कधी सांगितली नाही.

पुढे त्याने दुकान टाकलेच. गिऱ्हाईक पुष्कळ, पण गल्ल्यात पैसा टिकेना. कर्ज मागायला गेला, तर बँकेने हिशेब मागितला. सारी उधारी त्याच्या डोक्यात! मग काही महिने दर रविवारी आम्ही त्याच्यासोबत वही घेऊन बसलो. दुकानाचे खाते घरखर्चापासून वेगळे केले. त्याने स्वतःला महिन्याचा ठरावीक पगार लावून घेतला. भाऊबंदांनी गल्ल्यातून उसने मागितले तर त्या पगारातूनच द्यायचे. उधारी तारखेनिशी लिहायची आणि कापूस विकला जाताच मागायला जायचे. मागण्यात संकोच त्याला फार वाटे. आमच्या घरांत मागण्याला लाचारीचा वास येतो, म्हणून असेल.

उद्यम नोंदणी विनामूल्य असते. तिच्यासाठी त्याने एका दलालाला पैसे मोजले होते. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांसाठी ४ टक्के खरेदी राखीव आहे, हे आम्हांलाही त्याच निमित्ताने कळले.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या शाळेच्या विहिरीवरील मोटार त्यानेच दुरुस्त केली. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. आम्ही त्याला पावती फाडायला लावली.