मामूंची ईदी

यंदाच्या रमजान ईदला मामूंनी आम्हा दोघी बहिणींना ईदी दिली ती पाकिटातून नव्हे, चामड्याच्या एका झिजलेल्या केसमधून. आत घडीचा कॅमेरा होता. वरची कळ दाबली की पुढचं झाकण उघडतं आणि पेटीच्या भात्यासारख्या काळ्या चुण्यांच्या टोकाला भिंग बाहेर येऊन उभं राहतं. मिटला की शेरवानीच्या खिशात मावेल. आगफा कंपनीचा ‘इझोलेट’, जर्मनीतल्या म्युनिकचा. मामू जहाजावर होते. कोकणातल्या आपल्या घरांतून तेव्हा एक ना एक माणूस जहाजावर असायचाच. १९६३ साली हॅम्बुर्गला बोट लागली असताना त्यांनी तो तिथल्या जुन्या बाजारात घेतला.

कॅमेरा उघडला, पण भिंगाची कडी फिरेना. असे कॅमेरे आपल्या वाचकांपैकी कुणाच्या कपाटात पडून असतील म्हणून सांगतो. या आगफांचा हा ठरलेला आजार आहे. भिंगाच्या आट्यांत कारखान्यात भरलेलं हिरवट ग्रीस वर्षानुवर्षांनी गोंदासारखं घट्ट होतं. जोर लावू नये. मुंबईत फोर्टातल्या एका जुन्या कारागिराने ते ऊब देऊन आणि पेट्रोलसारख्या द्रावणाचे थेंब सोडून सैल केलं. दुसरा आजार भात्याचा. रात्री खोलीत अंधार करून भात्याच्या आत मोबाइलची बत्ती धरली, तर घड्यांच्या कोपऱ्यांतून पाच-सहा ठिपके चमकले. तेवढ्याशा भोकातूनही फिल्मवर उजेड सांडतो. कारागिराने ती बुजवून दिली आणि म्हणाला, “नवा भाता बसवाल तर अजून पन्नास वर्षं चालेल.”

एका रोलवर बारा फोटो निघतात. एवढेच. मागच्या बाजूला छोटी लाल खिडकी आहे. फिल्मच्या पाठीला लावलेल्या कागदावरचा आकडा तिच्यात दिसेपर्यंत चावी फिरवायची. अंतर डोळ्यांनी मापायचं, उजेडाचा अंदाज घ्यायचा, शटर हाताने ताणायचं आणि मग कळ दाबायची. तोवर समोरचा माणूस दोनदा विचारतो, “झालं का?” त्याला न कळता फोटो काढणं या कॅमेऱ्याने जवळजवळ अशक्यच. मामूंना आम्ही हे हसत हसत सांगितलं, तर ते हसले नाहीत. म्हणाले, “अशक्य नव्हतं. मला जमलं असतं.”

मग नानीची गोष्ट निघाली. मामूंनी हा कॅमेरा घेतला होता तो नानीसाठी. वर्षातले दहा महिने समुद्रावर, जवळ आईचा एक फोटो असावा एवढीच इच्छा. सुट्टीवर आल्यावर त्यांनी विचारलं. नानी ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने मान हलवली, “नको रे.” का, ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तिथेच बसलेली, उजेड चांगला, कॅमेरा मामूंच्या मांडीवर उघडा. नानीचं लक्षही नव्हतं. मामूंनी झाकण मिटलं.

नानी १९७१ साली अल्लाहला प्यारी झाली. तेव्हा मतदारांना फोटोचं ओळखपत्रही मिळत नसे, आणि हजला जाणं तिच्या नशिबी आलं नाही, म्हणजे पासपोर्टही नव्हता. तिचा एकही फोटो नाही. अम्मी सगळ्यांत धाकटी, तेव्हा जेमतेम बारा वर्षांची. ती म्हणते की आईचा आवाज आठवतो, हाताचा वास आठवतो, चेहरा मात्र आता हलतो, स्थिर राहत नाही. आणि म्हणून भाईवरचा तिचा राग अजून गेलेला नाही. “गुपचूप काढला असता तर आईचं काय बिघडलं असतं?” असं ती आजही विचारते. मामू उत्तर देत नाहीत.

फोटोचा मसला आपल्या घरांत जुना आहे. मदीना आणि मक्केचे सर्वांत जुने ज्ञात फोटो एका मुसलमानानेच काढलेले आहेत. सादिक बे या मिसरी लष्करी अधिकाऱ्याने १८६१ साली मदीनेचे आणि १८८० साली मक्केचे. मिसरचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी फोटोला जायज ठरवताना असं मांडलं की फोटो म्हणजे निर्मिती नव्हे, ते सावलीला अडवून धरणं आहे. आपल्याकडच्या अनेक मोठ्या आलिमांनी हे मानलं नाही. त्यात बोलायची आमची पात्रता नाही. पण नानीने फतवा विचारला होता असं मामूंना आठवत नाही. तिला नको होतं, बस्स. आम्हाला वाटतं, कारण सांगितलं नाही म्हणून नकार हलका होत नाही.

आता आपल्या निकाहच्या घरांत काय चालतं ते पाहा. बायकांच्या बाजूला परदा लावलेला असतो आणि परद्याच्या आत पंधरा मोबाइल वर असतात. नवरीची खाला डोक्यावरचा पदर नीट करत असते तोवर ती कुणाच्या तरी स्टेटसवर पोचलेली असते. मेहंदीच्या रात्री दमून भिंतीला टेकून झोपलेल्या एका वयस्क बाईचा फोटो आमच्याच नात्यातल्या ग्रुपवर फिरला, वर हसण्याची चित्रं. तिने नंतर समारंभांना येणंच कमी केलं. परद्याबद्दल आपण खूप बोलतो. हे मात्र कुणी बोलत नाही.

तरीही अम्मीची बाजू आम्हाला सोडवत नाही. आम्हाला नानीचा चेहरा माहीत नाही. आमच्यापैकी एकीचं नाक तिच्यासारखं आहे म्हणतात, ते पडताळायला काही नाही. मामूंनी झाकण मिटलं त्याची किंमत अम्मी देते आहे, आम्हीही देतो आहोत. मामू बरोबर होते असं आम्ही मानतो, पण हे अम्मीसमोर म्हणायला धीर होत नाही.

पहिला रोल धुऊन आला. बारांपैकी नऊ चांगले निघाले. दाभोळची जेट्टी, तिठ्यावरचा पाववाला (विचारल्यावर त्याने आधी टोपी सरळ केली), मशिदीच्या हौदाची पायरी, आणि ओटीवर बसलेले मामू. मोतीबिंदूने त्यांना आता लाल खिडकीतला आकडा दिसत नाही, म्हणून तर कॅमेरा आमच्याकडे आला. त्यांनी आपला फोटो खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “अंतर किती धरलं होतं?” आम्ही म्हटलं, दोन मीटर. “बरोबर आहे,” म्हणाले.

दुसऱ्या रोलचे अकरा झालेत. बारावा अम्मीसाठी ठेवलाय. तिला विचारलं तेव्हा ती भाकरी थापत होती. आधी म्हणाली, माझा कशाला? मग म्हणाली, भाई पण बसतील का शेजारी? मामूंना निरोप धाडलाय. ते येत्या जुम्याला, नमाजनंतर येणार आहेत.