पोत्याचं वजन कुठे गेलं?

ॲनिमेशनवर लिहा, पण सर्वसामान्य वाचकाला कळेल असं लिहा, असा संपादकांचा आग्रह होता. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी काही सांगा, असंही ते म्हणाले. सॉफ्टवेअर शिकवणारे क्लास आता गावोगावी निघाले आहेत, त्याबद्दल मी वेगळं काय सांगणार? मला सांगायचं आहे ते दुसरंच. आपलं काम चार जणांना दाखवायचं कसं आणि दुसऱ्याचं काम बघून बोलायचं कसं, हे आमच्याकडे फारसं कुणी शिकवत नाही. त्यापायी चांगल्या मुलांची मेहनत वाया जाताना मी बघतो.

आधी आमचं काम काय ते सांगतो. मी कॅरेक्टर ॲनिमेटर. पात्राचं चित्र एक जण काढतो, संगणकात त्याचा पुतळा दुसरा घडवतो, त्या पुतळ्यात हाडं आणि सांधे बसवून तो हलवण्याजोगा करणारा रिगर तिसराच असतो. तो माझ्या हाती आला की त्याच्याकडून अभिनय करून घेणं हे माझं काम. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. कोणत्या फ्रेमला पात्राची कंबर कुठे, मान कुठे, बोटं कुठे, हे मी ठरवतो. ‘आता सगळं कॉम्प्युटरच करतो ना?’ या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन मी खरोखर थकलो आहे. संगणक दोन पोझच्या मधली जागा भरून देतो, पण गणिताने. एकीतून दुसरीत गुळगुळीत नेतो, एवढंच. माणूस तसा हलत नाही. तो आधी विचार करतो, कचरतो, तोल सांभाळतो, मग हलतो. ते संगणकाच्या हिशेबात नसतं, ते आम्ही घालतो.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी तिची शोरील घेऊन आली. शोरील म्हणजे आमचा पोर्टफोलिओ, मिनिट-दीड मिनिटाची फिल्म. निवडणारा माणूस पहिल्या काही सेकंदांतच मत बनवतो, म्हणून सर्वांत चांगला शॉट सुरुवातीला लावायचा असतो. तिचा पहिला शॉट सहा सेकंदांचा होता. एक हमाल कांद्याचं पोतं जमिनीवरून उचलतो, आधी मांडीवर घेतो, मग खांद्यावर. पुण्यातल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाऊन तिने हमालांचे व्हिडिओ काढले होते, पोझ सुरेख पकडल्या होत्या. पण पोत्याला वजन नव्हतं.

शॉट तिने बरोबरच्या मुलांना दाखवला होता. एक म्हणाला, चेहऱ्यावर ताण दिसत नाही. दुसरा म्हणाला, फार पटकन उचलतोय, वेळ वाढव. तिसरी म्हणाली, हात थरथरायला हवेत. तिने तिघांचंही ऐकलं. हमाल दात-ओठ खात, थरथरत्या हातांनी, अगदी सावकाश पोतं उचलू लागला, आणि पोतं होतं तितकंच हलकं राहिलं. तीच रील स्टुडिओला गेली आणि नकार आला. ‘सर, सगळ्यांनी सांगितलं ते केलं. मग चुकलं कुठे?’ हा तिचा प्रश्न अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

आम्ही शॉट फ्रेम-फ्रेम पुढे नेत बघितला. ३१व्या फ्रेमला हमालाची कंबर वर यायला लागते, आणि त्याच ३१व्या फ्रेमला पोतं जमीन सोडतं. दोष तिथे होता. खरा माणूस जड वस्तू उचलताना आधी खाली बसतो, वजनाच्या जवळ सरकतो. पोत्याची टोकं मुठीत धरली की हात ताणून सरळ होतात, खांदे खाली ओढले जातात. मग पाय आणि पाठ जोर लावतात, कंबर वर सरकू लागते, आणि तरीही पोतं जागचं हलत नाही. मुठीतली टोकं तेवढी ताणली जातात, बूड जमिनीवरच असतं. शरीर निघालं आणि पोतं अजून निघालं नाही, या उशिरातच वजन असतं. प्रेक्षक तो उशीर मोजत बसत नाही, पण त्याचा डोळा फसत नाही.

तिने पोतं सहा फ्रेम उशिरा उठवलं, म्हणजे पाव सेकंद. उचलल्यावर धड किंचित मागे झुकवलं, कारण पुढे आलेलं ओझं तोलायला शरीर मागे जातंच. चेहऱ्यावरचा ताण काढला, थरथर काढली, वेग पूर्वीसारखा केला. पोतं जड झालं.

तिच्या तिन्ही मित्रमैत्रिणींची तक्रार खरी होती. तिघांनाही वजन जाणवलं नव्हतं, पण तसं कुणी म्हटलं नाही; प्रत्येकाने एकेक उपाय सांगितला. दुखणं गुडघ्यात आणि कारण कंबरेत, असं वैद्याला जसं आढळतं तसंच आमच्याकडेही आहे. दोष दिसतो एका फ्रेमला, जन्मलेला असतो आठ-दहा फ्रेम आधी, शरीराच्या भलत्याच भागात. म्हणून माझं मत ठाम आहे: बघणाऱ्याने काय दिसलं आणि कुठे दिसलं तेवढं सांगावं. कारण शोधणं आणि उपाय करणं हे ज्याचा शॉट आहे त्याचं काम. ‘जिवंतपणा कमी वाटतो’ या वाक्याचा कुणालाही उपयोग नाही. ‘चाळिसाव्या फ्रेमपाशी माझी नजर पोत्यावरून कोपराकडे गेली’ या वाक्यावर एक संध्याकाळ काम करता येतं.

एकमेकांचं काम बघण्याची ही रीत आमच्या धंद्यात जुनी आहे. १९३०च्या दशकात लॉस एंजलिसच्या हायपेरियन ॲव्हेन्यूवरच्या डिस्ने स्टुडिओत पेन्सिल टेस्ट, म्हणजे कच्च्या रेखाटनांवरून केलेलं चित्रण, एका कोंदट खोलीत बघितलं जाई. खोलीचं नाव स्वेटबॉक्स. रंग चढायच्या आधीच तिथे चुका बाहेर यायच्या. त्याच डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले, आणि राम मोहन यांच्यासारखे आपले ॲनिमेटर त्यांच्या हाताखाली तयार झाले. पिक्सारमध्ये ॲनिमेटर आपलं अर्धवट काम रोज सगळ्यांसमोर ठेवतात, त्या बैठकीला डेलीज म्हणतात. स्टुडिओत नोकरी लागली की ही शिस्त आपोआप अंगी बाणते. पोर्टफोलिओ करणारा मुलगा मात्र खोलीत एकटा असतो, आणि त्यालाच तिची सर्वांत जास्त गरज असते.

आता एका वादाबद्दल लिहिल्यावाचून मला राहवत नाही. काम दाखवायचं कधी? आमच्याकडे आधी फक्त मुख्य पोझ लावतात, त्याला ब्लॉकिंग म्हणतात. या टप्प्यावर पात्र एका पोझमधून दुसरीत थेट उडी मारतं, मधलं काही नसतं. हे झालं स्टेप्ड. नंतर मधल्या फ्रेम संगणकाकडून भरून घेतल्या की झालं स्प्लाइन. एका पक्षाचं म्हणणं, ब्लॉकिंगमध्येच दाखवा, कारण तेव्हा बदल स्वस्त असतात. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, स्टेप्ड फसवं असतं. उड्यांमुळे शॉट ठसठशीत वाटतो आणि स्प्लाइन केल्याबरोबर पात्र पाण्यात चालल्यागत तरंगू लागतं, मग आधीच्या मतांचा उपयोग काय?

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, कारण दोन्ही टप्प्यांवर विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. ब्लॉकिंगला विचारा: पात्राला काय हवंय ते कळतं का? सावली पाहूनही पोझ ओळखता येईल का? कॅमेरा योग्य जागी आहे का? वजनाबद्दल तेव्हा विचारू नका, कारण वजन पोझमध्ये थोडं आणि पोझच्या मधल्या अंतरांत जास्त असतं, आणि ती अंतरं अजून तयारच नाहीत. प्रत्येक दोन पोझच्या मधली एक ब्रेकडाउन पोझ स्वतः लावा आणि मगच स्प्लाइन करा, म्हणजे संगणकाला मनमानी करायला जागा उरत नाही. त्यानंतर वजन, वेग, हाताच्या वळणाची कमान, पाय घसरतो का, गुडघ्याला झटका बसतो का, हे विचारा. दाखवताना आपण मुद्दाम काय केलं आहे तेही सांगा. ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’ या २०१८च्या चित्रपटात नवखा स्पायडर-मॅन माइल्स जंगलातल्या प्रसंगात दर दोन फ्रेमला एकदा हलतो आणि सरावलेला पीटर दर फ्रेमला. ती अडखळ कथेसाठी होती. हेतू ठाऊक नसेल तर बघणारा तिला दोषच म्हणेल.

एक शंका माझ्याही मनात आहे. सगळ्यांचं ऐकून ऐकून सगळ्यांच्या रील एकसारख्या होत चालल्या आहेत का? कधी कधी तसं वाटतं. १९८१ साली फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी ॲनिमेशनची बारा तत्त्वं पुस्तकात मांडली. ती तत्त्वं घेऊन तपासणी केली की चुका निघतात, पण त्याबरोबर एखाद्याचं विक्षिप्त, स्वतःचं असं काही असतं तेही कधी निघून जातं. म्हणूनही उपाय सांगू नका असं मी म्हणतो. निरीक्षण ऐकल्याने शॉट त्याचाच राहतो, उपाय ऐकल्याने तो तुमचा होतो.

तुमच्या घरातलं एखादं पोर हे शिकत असेल तर ते एक दिवस तुम्हाला काही सेकंदांचा शॉट दाखवायला आणेल. त्याला ‘छान झालंय’ म्हणून मोकळे होऊ नका. दोनदा बघा, आणि तुमची नजर कुठे अडली तेवढं त्याला सांगा. त्यासाठी ॲनिमेशन यावं लागत नाही.