करी रोड ते गेटवे : नोकरी करून शिकणाऱ्यांची वाट

गावाकडचे पाहुणे मुंबईला आले म्हणजे आपण त्यांना चैत्यभूमी, राणीची बाग आणि गेटवे ऑफ इंडिया दाखवतो. या मुंबईत आणखी एक वाट आहे. ती करी रोड स्थानकापासून सुरू होते आणि गेटवेच्या कठड्याशी संपते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या माणसांची ही वाट आहे. आज आपली मुले जे संगणकाचे प्रोग्रामिंग शिकू पाहतात, त्याचे धागेदोरेही याच वाटेवर सापडतात.

आमच्या वस्तीतील विहाराच्या माडीवर दर रविवारी सकाळी संगणकाचा वर्ग भरतो. दोन जुने संगणक आणि ज्याच्या त्याच्या हातातले मोबाईल, एवढेच आमचे भांडवल. शिकवणारा तरुण स्वतः नोकरी करून पदवी घेत आहे. शिकणारे आम्ही अकरा जण : कुरिअरची पार्सले पोचवणारा एक मुलगा, रुग्णालयात आयाचे काम करणाऱ्या एक ताई, दिवसभर दुकानात उभे राहून बी.कॉम. करणाऱ्या दोन मुली, असेच आणखी काही, आणि चाळिशी ओलांडलेला मी एक कारकून. एका रविवारी वर्गाऐवजी या वाटेने सहल काढायचे ठरले. डबे बांधून आम्ही निघालो.

करी रोडला उतरून लोअर परळच्या बाजूला गेलो. एके काळी इथे गिरणीच्या भोंग्यावर घड्याळे लावली जात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. आज गिरण्यांच्या आवारात काचेच्या इमारती आहेत. काही ठिकाणी एखादी चिमणी शोभेपुरती ठेवली आहे. आतल्या कार्यालयांत शेकडो मुले-मुली संगणकापुढे बसून काम करतात. "काका, इथे आत जायला पास लागतो, मी पार्सल खालीच देतो," कुरिअरवाला मुलगा म्हणाला. तो रोज याच इमारतींच्या दारात उभा असतो.

तिथेच रस्त्याच्या कडेला उभे राहून आमच्या शिक्षकाने मागाची गोष्ट सांगितली. माग म्हणजे गिरणीच्या भाषेतला साचा. फ्रान्समधील लिऑन शहरात जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ साली एक माग तयार केला. त्यावर नक्षी काढण्यासाठी पुठ्ठ्याची छिद्रे पाडलेली कार्डे लावलेली असत. छिद्र असेल तिथे उभा धागा उचलला जाई, छिद्र नसेल तिथे तो खालीच राही. कार्डे बदलली की नक्षी बदले, माग तोच राही. पुढे १८३०च्या दशकात इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज याने हीच कार्डांची कल्पना आपल्या हिशेबाच्या यंत्रासाठी घेतली. ते यंत्र त्याच्या हयातीत पूर्ण झाले नाही. परंतु यंत्र एकच ठेवून सूचना बदलायच्या आणि नवे काम करून घ्यायचे, हा प्रोग्रामिंगचा गाभा त्यात होता. त्या यंत्राकडून एक अवघड गणित टप्प्याटप्प्याने कसे करून घ्यावे, हे एडा लव्हलेस या बाईंनी १८४३ साली लिहून प्रसिद्ध केले.

ही गोष्ट ऐकताना आमच्यातील काहींना आपल्या आजोबांची आठवण झाली, आणि त्याला कारण आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक छिद्रातून तोंडाने ओढून काढावे लागे, म्हणून इतर कामगारांना विटाळ होई! विणकाम खात्यात पगार अधिक होता. आपली माणसे मात्र बहुतेक रिंग खात्यात, कमी पगारावर राहिली. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे उघडपणे मांडला होता. म्हणजे ज्या मागापासून प्रोग्रामिंगच्या विचाराला चालना मिळाली, त्या मागाला हात लावायलाही आपल्या आजोबांना मनाई होती. दुकानात काम करणारी एक मुलगी एवढेच म्हणाली, "मग आता तरी शिकायलाच पाहिजे."

करी रोडहून धीम्या गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो आणि दादाभाई नौरोजी रस्त्याने दक्षिणेकडे चालू लागलो. रविवार असल्याने फोर्ट शांत होते. याच रस्त्यावर बुद्धभवन आणि आनंदभवन या सिद्धार्थ महाविद्यालयांच्या इमारती आहेत. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. आरंभी ते मरीन लाइन्सजवळच्या लष्करी बराकींत भरे. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले होते. सकाळी तास, नंतर कचेरी, रात्री चाळीच्या दिव्याखाली अभ्यास, असे करून कितीतरी कारकून पदवीधर झाले. गरिबाजवळ पैशाइतकीच वेळेचीही टंचाई असते, हे ओळखून काढलेले ते वेळापत्रक होते.

सुटीमुळे आम्ही इमारती बाहेरूनच पाहिल्या. आयाचे काम करणाऱ्या ताई तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांना आठवड्यातून तीन रात्रपाळ्या असतात. उपनगरातील एका खाजगी क्लासने त्यांच्याकडून पूर्ण फी आधी घेतली आणि वेळ मात्र दुपारची दिली. पाळी बदलून मिळेना, क्लास बुडू लागला, फी परत मिळाली नाही. हाती एक प्रमाणपत्र आले, पण त्यांना प्रोग्रामची एक ओळही लिहिता येत नव्हती. त्या म्हणाल्या, "सर, मला अवघड गेलं नाही. मला वेळच मिळाली नाही." हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्या मुलाबाळांपैकी जे शिक्षण अर्धवट सोडतात, त्यांतील कितीतरी जणांची अडचण बुद्धीची नसून वेळेची असते.

हुतात्मा चौक ओलांडून काळा घोडा भागात आलो. तिथे डेव्हिड ससून ग्रंथालयाची पिवळसर दगडांची जुनी इमारत आहे. इथे श्रीमंतांचीच ये-जा असेल असे बाहेरून वाटते. पण या संस्थेची सुरुवात १८४७ साली टांकसाळीत आणि सरकारी गोदीत काम करणाऱ्या तरुण यांत्रिक कारागिरांनी केली. यंत्रांचे नमुने आणि पुस्तके एकत्र ठेवून काम करणाऱ्या माणसाला शिकता यावे, असा त्यांचा हेतू होता. सध्याची इमारत १८७० साली पूर्ण झाली. कामानंतर शिकण्याची ही रीत मुंबईत इतकी जुनी आहे.

तिथून रीगल सिनेमावरून गेटवेकडे गेलो. गेटवेजवळच जुन्या यॉट क्लबची इमारत आहे. आता तिथे अणुऊर्जा विभागाची कार्यालये असल्याने ती बाहेरूनच पाहावी लागते. १९४९ पासून काही वर्षे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मुक्काम इथे होता. पुढे ही संस्था कुलाब्याच्या टोकाला गेली. तिने बांधलेला संगणक १९६० साली चालू झाला आणि १९६२ साली पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. भारतात बांधलेल्या सुरुवातीच्या संगणकांपैकी हा एक. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मरणशक्ती २०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापाने जेमतेम दहा किलोबाइट. मोबाईलवर काढलेला एक साधा फोटोही त्यात मावला नसता. आज त्याच्या हजारो पट ताकदीचे यंत्र कुरिअरवाल्या मुलाच्या खिशात आहे.

गेटवेच्या कठड्याशी बसून डबे सोडले. तिथेच मोबाईलवर वर्ग भरला. आम्ही पायथॉन शिकतो. ही भाषा १९९१ साली पहिल्यांदा लोकांपुढे आली. ती फुकट आहे आणि मोबाईलवरही चालते. एका मुलीने दोन वर्गण्यांची बेरीज करणारा प्रोग्राम लिहिला. २०० आणि २०० असे आकडे दिले, उत्तर आले २००२००! सगळे हसले. दोनशे अधिक दोनशे म्हणजे दोन लाख दोनशे, अशी वर्गणी जमली तर विहाराला आणखी एक मजला चढेल! मग शिक्षकाने कारण सांगितले. आपण बटणे दाबून जे भरतो ते पायथॉन अक्षरेच समजतो आणि अक्षरे शेजारी-शेजारी जोडतो. ही संख्या आहे, असे त्याला वेगळे सांगावे लागते. तेवढा एक शब्द घातल्यावर उत्तर ४०० आले.

त्यानंतर ताईंनी आपला प्रोग्राम दाखवला. त्यांच्या बचत गटात वीस बाया, दरमहा प्रत्येकी २०० रुपये. महिन्याचे ४००० आणि वर्षाचे ४८,०००. कोणी कोणत्या महिन्यात पैसे दिले नाहीत, ती नावे तो प्रोग्राम अचूक काढून देत होता. त्यात "जर रक्कम कमी असेल तर नाव लिही" आणि "हेच बारा महिने कर" एवढ्या दोनच युक्त्या होत्या. रात्रपाळीच्या मधल्या वेळात त्यांनी तो तीन आठवड्यांत पूर्ण केला होता.

काही जण विचारतात, आता प्रोग्राम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली, मग शिकून काय उपयोग? मी वाणिज्य शाखेचा माणूस आहे. ज्याला जमाखर्च कळत नाही, त्याला मुनीमाची वही तपासता येत नाही. हेही तसेच आहे. आमच्या पिढीने टायपिंगची परीक्षा देऊन नोकरी धरली. आज आमच्या कार्यालयात आकडे भरण्याचे काम कंत्राटावर, थोड्या पगारात दिले जाते. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये नुसते आकडे भरत राहणे, हे आजचे रिंग खाते आहे. आपल्या मुलांनी तिथेच थांबू नये.

वाचक बंधुभगिनींनो, सुरुवातीला मोठी फी लागत नाही. मुंबईच्या आयआयटीचे 'स्पोकन ट्युटोरियल' हे धडे फुकट आहेत आणि त्यांतील बरेच मराठीतूनही ऐकता येतात. नोकरी करून पदवी घ्यायची असेल तर १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांच्या केंद्रांवर चौकशी करावी. खाजगी क्लासला पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : वर्गाची वेळ आपल्या पाळीत बसते का, फी हप्त्याने घेतात का, आणि शेवटी स्वतः लिहिलेला एक तरी प्रोग्राम हातात येतो का.

आणखी एक विनंती घरातील मंडळींना. रोज एक तास पुरतो, पण तो सलग लागतो. मुलगी, सून किंवा बायको शिकायला बसली असेल तर त्या तासापुरते भाजी चिरण्याचे आणि पाणी भरण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणीतरी करावे.