कठड्याला रंग किती?

माडीच्या गॅलरीचा कठडा पुन्हा गंजलाय. खारं वारं, दुसरं काय! पावसाआधी रंग लागायलाच हवा. एकदा पाऊस धरला की रत्नागिरीत लोखंड कोरडं म्हणून सापडत नाही.

*

गेल्या खेपेला 30 फूट लांब, 3 फूट उंच, मधे सगळी पोकळीच, असा विचार करून एकच लिटर आणला. दुसरा हात जेमतेम पाव कठड्यावर फिरला आणि डबा संपला. नंतर आणलेला करडा किंचित निळसर निघाला. एकविसाव्या सळीपासून तो फरक अजून दिसतो.

रंगारी मामा तेव्हाच म्हणाले होते, "ताई, ही भिंत नाय. सळीला चार अंगं असतात."

*

आज मोजायला बसले. सळी चार सुती, म्हणजे अर्धा इंच चौरस. चारी अंगांचा घेर 2 इंच, उंची 36. झाले 72 चौरस इंच, बरोबर अर्धा चौरस फूट! इतकं नेमकं बसलं की फार बरं वाटलं. सळ्या बोटाने शिवत मोजल्या: 80. त्यांचे 40 चौरस फूट. वरचा 2 इंची पाइप 16, खालची पट्टी 6. एकूण 62.

ब्रशने सळी रंगवताना ठिबकतं, पलीकडे उडतं. म्हणून 80 धरले.

*

लिटरला 100 चौरस फूट, एका हाताचे. डब्यावर जास्त लिहिलेलं असतं, पण ते गुळगुळीत पत्र्यावरचं. दोन हातांना 1.6 लिटर: एक लिटरचा, अर्ध्याचा आणि 200 मिलीचा डबा. तिन्ही आधी एका बादलीत ओतून ढवळायचे. अस्तराला रेड ऑक्साइड एक लिटर.

*

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग रेलिंग मोजताना पोकळी वजा करत नाही. एका बाजूची लांबी गुणिले उंची घ्यायची, त्यातच सगळीकडून रंग आला. आमचे 90 होतात. माझ्या 80 पासून फार लांब नाही. पोकळीत जे वाचतं ते सळीची मागची आणि कडेची अंगं खातात. सळ्या दाट असल्या तर मात्र हा ढोबळ हिशेब फसेल. शेजारच्या जुन्या वेलबुट्टीच्या ग्रिलला तर दोरा लावून वळणं मोजावी लागतील.

*

खालच्या पट्टीचे सांधे आरसा धरून पाहिले. पाणी तिथेच साठतं. वरून रंग शाबूत, नुसता फुगलेला. स्क्रूड्रायव्हरने टोकलं तर तांबूस पापुद्रा कपचीसारखा सुटला. आत सळी निम्मी उरलेली. अशा 11 निघाल्या. त्यातल्या चार, आई संध्याकाळी रेलून उभी राहते तिथल्या.

अकराही सळ्यांवर खडूने खुणा केल्या. उद्या आधी वेल्डर. आईची खुर्ची तोवर आत घेतली.