दादाचा स्टँड

माणसाच्या शरीरात गुडघ्याइतका स्पष्टवक्ता अवयव दुसरा नसेल. पोट सांभाळून घेते, डोळे चष्म्याआड लपतात; गुडघा मात्र भर वाटेवर, चार माणसांदेखत बोलतो. माझा उजवा गुडघा गेल्या वर्षी दसऱ्यानंतर सिंहगडाच्या पायवाटेवर बोलला. पाठीवर कॅमेरा आणि खांद्यावर स्टँड अशा थाटात मी निम्मी वाट चढलो होतो. गुडघ्याचे म्हणणे थोडक्यात असे होते, की यापुढे गडावर दोघांपैकी एकच जण येईल. तो स्टँड, नाही तर मी.

स्टँड म्हणजे कॅमेरा ठेवायची तीन पायांची घोडी. दुकानदार त्याला ट्रायपॉड म्हणतात. आमची आई सरळ तिवई म्हणत असे. १९८६ साली पुण्यातला एक स्टुडिओ बंद होत होता, तिथून दादाने आणि मी तो उचलला. त्याच वर्षी मी एक जुना याशिका मॅट १२४ जी घेतला होता. एकावर एक दोन भिंगे असलेला हा पेटीसारखा कॅमेरा. वरच्या भिंगातून आपण पाहायचे, खालच्यातून फिल्मने पाहायचे. १२० नंबरची फिल्म, चौकोनी चित्र, आणि एका रोलात चित्रे बाराच. बारा म्हटल्यावर माणूस जपून वागतो. डब्यात बारा करंज्या आणि दारात तेरा पाहुणे असले म्हणजे गृहिणी ज्या बेताने वाढते, त्या बेताने मी चित्रे घेतो.

आमची कामाची वाटणी राजगडाच्या पहिल्याच फेरीत ठरून गेली. कॅमेरा माझा, स्टँड दादाचा. गुंजवण्याहून चोरदरवाजाची उभी वाट दादा तो स्टँड कावडीसारखा खांद्यावर टाकून चढे. रात्री पद्मावतीच्या देवळात मुक्काम, आणि पहाटे अंधारातच सुवेळा माची. तिथला वारा असा, की टोपी हाताने धरावी लागते. मी स्टँड उभा करून कॅमेरा बसवी, आणि दादा वाऱ्याच्या बाजूला अंगावरची शाल पसरून भिंतीसारखा उभा राही. उजाडण्यापूर्वीच्या त्या मंद प्रकाशात शटर निदान अर्धा सेकंद उघडे ठेवावे लागे. तेवढा वेळ दादा श्वाससुद्धा रोखून धरी. इतक्या वर्षांत त्याने स्वतः एकही फोटो काढला नाही.

तीन वर्षांपूर्वी दादाच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी त्याला जिन्याच्या पायऱ्या मोजून दिल्या. गडाचे तर नावच काढायचे नाही. तेव्हापासून दादाचा स्टँड माझ्या खांद्यावर आला, आणि खांद्यावरून गुडघ्यात उतरला.

सिंहगडाहून मी लंगडत घरी आलो तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, त्या लोखंडाचं वजन तरी कधी करून पाहिलंत का?"

"लोखंड नव्हे, अल्युमिनियम," मी म्हणालो. पण दुसऱ्या दिवशी रद्दीवाला आला तेव्हा तिने स्टँड त्याच्या काट्याला लावलाच. पाच किलो दोनशे ग्रॅम! आणि कॅमेरा अकराशे ग्रॅमचा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात. इथे तर मोती जवळजवळ पाचपट होता. रद्दीवाल्याने "काका, भाव लावू का?" असे अगदी सहज विचारले, आणि मला उगीचच त्याचा राग आला.

मग मी हलक्या स्टँडच्या शोधाला लागलो. दुकानातल्या मुलाने समोर पाच-सहा मांडले. "काका, हा दहा किलो पेलतो," असे प्रत्येकाविषयी तो सांगत होता. पण पेलणे वेगळे आणि स्थिर राहणे वेगळे. एवढ्या वजनाने स्टँड कोसळत नाही, इतकाच त्या आकड्याचा अर्थ. तो थरथरत नाही, असा नव्हे. मी काही न घेता घरी आलो आणि वहीत एक प्रश्न लिहिला : माझ्या कॅमेऱ्याला स्टँडकडून हवे तरी काय?

उत्तर लिहिता लिहिता वजन उतरत गेले. याच आकाराच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत चित्र घेताना आतला आरसा धाडकन वर उडतो. तो हादरा जिरवायला जड स्टँड बरा. माझ्या कॅमेऱ्यातला आरसा जागचा हलत नाही, आणि भिंगातच बसवलेले शटर नुसते 'टिक्' करते. दुसरे असे, की या कॅमेऱ्यात वरून, विहिरीत डोकावल्यासारखे पाहायचे असते. तेव्हा स्टँड छातीपर्यंत आला की पुरे. डोक्याएवढी उंची हवी कशाला? तिसरे, चित्र चौकोनी. आडवे की उभे हा प्रश्नच नाही. म्हणजे कॅमेरा कुशीवर वळवणारे, लांब दांड्यांचे जड डोकेही नको. गोळ्यावर फिरणारे लहानसे डोके चालेल. इतकी वर्षे आम्ही पाव शेर भाजी आणायला बैलगाडी जुंपत होतो!

शेवटी कार्बन फायबरचा, डोक्यासकट दीड किलोचा स्टँड घेतला. त्याच्या प्रत्येक पायाचे चार तुकडे, एकात एक सरकणारे. त्याची पथ्ये मी पाठ केली. जाड तुकडे आधी उघडायचे. सर्वांत खालचा, करंगळीएवढा तुकडा शक्यतो मिटलेलाच ठेवायचा. मधला दांडा वर ओढायचा नाही. तो वर काढला की तीन पायांचा स्टँड एका पायावर उभा राहिल्यासारखा होतो.

सगळे शास्त्रशुद्ध झाले, आणि घरी येताच मी तो स्टँड कपाटामागे लपवला. दादाला सांगणार काय? 'तुझ्या जागी दीड किलोचा गडी ठेवला आहे,' असे?

दिवाळीच्या फराळाला दादा आणि वहिनी आले. हातात चकली घेऊन दादा दारामागच्या जुन्या स्टँडवरून हात फिरवीत उभा राहिला. आमच्या सौ.ला काहीही पेलते, गुपित तेवढे पेलत नाही.

"भाऊजी, यांनी नवा घेतलाय. तुम्हांला दाखवत नाहीत."

दादाने तो मागून घेतला, उघडला, टिचकी मारून पाहिला. "वाऱ्यात उडेल," तो म्हणाला.

"तेच तर," मी म्हणालो. मला जरा बरेही वाटले.

दादाने वाकून पाहिले. "मधल्या दांड्याला खाली आकडा आहे की! ती बाजाराची पिशवी आण." बटाट्यांसकट पिशवी त्याने आकड्याला अडकवली आणि पुन्हा टिचकी मारली. स्टँड हलला नाही. "पिशवी रिकामी न्यायची. वर गेल्यावर सुटे दगड भरायचे. राजगडावर दगडांना काय तोटा? मात्र ती लोंबती ठेवू नकोस, वाऱ्यात झोके घेईल. बूड जमिनीला टेकलं पाहिजे."

"हे तुला आत्ता सुचलं?"

"छे! पहिल्याच वर्षी. आकडा नसला तर सुतळीनं बांधता येते."

"मग चाळीस वर्षं ते पाच किलो कशाला वाहिलेस?"

दादाने दुसरी चकली उचलली. "मला फोटो काढता येत नाहीत. नुसत्या हातांनी तुझ्याबरोबर किती दिवस आलो असतो?"

यावर मला काही बोलता आले नाही. मी चिवड्यातले शेंगदाणे वेचीत बसलो.

डिसेंबरात तरुण मुलांच्या एका टोळीबरोबर, पाली दरवाजाच्या सोप्या वाटेने मी राजगडावर गेलो. गुडघा दोनदाच बोलला. सुवेळा माचीवर तटाला हात न लावता सुटे दगड वेचले, पिशवी भरली, काम झाल्यावर ते होते तिथे ठेवून दिले. केबल रिलीज दाबताना ध्यानात आले, की श्वास मी रोखून धरला आहे.

छापून आलेली बारा चित्रे घेऊन दादाकडे गेलो. त्याने भिंग लावून एकेक पाहिले आणि एक बाजूला काढले. "इथे पिशवी झुलली," तो म्हणाला. खरे होते. घाईत बूड टेकवायचे राहिले होते.

मग म्हणाला, "जुना स्टँड तुला नको असला तर मला देतोस?" पुढच्या रविवारी तो न्यायलाच आला. रिक्षा फाटकापाशी उभी होती. मी स्टँड उचलू लागलो, तर वहिनींची नजर चुकवून त्याने तो हिसकावून घेतला आणि खांद्यावर टाकला. दारापासून रिक्षापर्यंत चाळीसएक पावले असतील. दादा पुढे चालला होता आणि मी मागून, नुसत्या हातांनी.